चपला कुठे काढायच्या?

देवाच्या दारात पोचल्यावर सामान्य माणसाला पहिली काळजी वाटते ती चपलांची. पाप, पुण्य, मोक्ष ही मंडळी त्यानंतर रांगेत उभी राहतात. आमच्या नाशकात तर हे शास्त्र फारच पुढे गेलेलं आहे. रामकुंडावर उतरलात की पावलोपावली देव, आणि पावलोपावली देव म्हणजे पावलोपावली चपला काढणं आलं. कोणत्या देवळाला जाताना जुन्या चपला घालाव्या, कुठे त्या फुलवालीच्या स्वाधीन कराव्या आणि कुठे एक चप्पल दाराच्या या बाजूला नि दुसरी त्या बाजूला ठेवावी म्हणजे चोराचा हिरमोड होतो, याचं बाळकडू आम्हाला घरातच मिळतं. इतकं असूनही गेल्या साठ वर्षांत माझे सात जोड देवाघरी गेले.

अशा या अनुभवी माणसाची गेल्या वर्षी जानेवारीत एका फाटकाशी पंचाईत झाली. ती झाली नसती तर पुढचं वर्षभर मी गावोगावची जुनी चर्चं बघत हिंडलो नसतो, आणि सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर ‘बाटला की काय हा?’ अशी चौकशीही झाली नसती.

त्याचं असं झालं. आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायला जे सर होते, ते शरणपूरला राहायचे. सायकलवरून यायचे, पँटच्या पायाला क्लिप लावलेली असायची. इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी आम्हाला मराठीच जास्त शिकवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय वर्गात येऊ नका, असं सांगणारे इंग्रजीचे ते एकटेच मास्तर. दर नाताळला आमंत्रण ठरलेलं. “आधी चर्चमध्ये उपासनेला या, मग घरी फराळाला या.” आम्ही पोरं त्यातला पहिला अर्धा भाग गाळायचो. उपासना संपायच्या वेळेला अंदाज बांधून बरोबर त्यांच्या घरी हजर व्हायचो. करंज्या, शंकरपाळी आणि केकचे जाड तुकडे खाऊन परत. सर नुसते हसायचे.

पुढे मी बँकेत चिकटलो, लग्न झालं, पोरं झाली. तरी दर नाताळला सरांचा फोन यायचा, आणि दर नाताळला मी “यंदा नक्की” म्हणायचो. एकदा म्हणाले, “अरे, चर्चचं दार मोठं आहे. तू कितीही सुटलास तरी मावशील.” त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि त्या वर्षीही मी गेलो नाही. का, म्हणून विचाराल तर कारण असं काहीच नव्हतं. जवळच्या गोष्टी बघायच्या राहून जातात, त्यातलाच प्रकार. मुंबईहून येणारे पाहुणे पांडवलेणी बघतात, नाशिककर पायथ्याशी मिसळ खातो.

गेल्या जानेवारीत सर गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. निरोप आला तसा मी कपाटातला कोट काढला, बूट चढवले आणि शरणपूरच्या चर्चच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आत प्रार्थना चालू होती. पायरीपर्यंत गेलो, आणि तिथे साठ वर्षांचं ते बाळकडू आडवं आलं. बूट कुठे काढायचे? इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चपलांचा ढीग कुठेच दिसेना. म्हणजे सगळे बूट घालून आत गेले की काय? की मागच्या अंगाला काही सोय आहे? बूट घालून देवापुढे जायला मन धजेना, आणि सगळे बुटांत असताना आपण एकटेच मोज्यांवर आत शिरावं, तर तेही बरं दिसेना. विचारावं तर सगळी माणसं आत. शेवटी काढावेतच असं ठरवून मी खाली वाकलो. डावा बूट निघाला. उजव्याच्या नाडीला गाठ बसली. ती सोडवतोय तोवर आतून सगळी मंडळी बाहेर आली, पुढे सरांची पेटी.

सरांना शेवटचा नमस्कार मी एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत केला.

घरी आल्यावर आमच्या हिने विचारलं, “आत गेला होतात ना?”

“नाही.”

“का?”

“चपला कुठे काढायच्या ते कळेना.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरात हा प्रकार क्वचित घडतो, म्हणून मला जास्त लागला. मग म्हणाली, “अहो, पन्नास वर्षं करंज्या खाल्ल्यात त्या घरच्या.”

त्या रात्री मी ठरवलं. आता या वयात परीक्षा नाही, बढती नाही. वर्षभर जमतील तितकी जुनी चर्चं बघायची. आत जायचं, बाकावर बसायचं, आणि चपलांचा काय तो निकाल लावायचा. ही म्हणाली, “मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा पायरीवरूनच परत याल.”

सुरुवात सोपी झाली. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोवा, कुठून कुठून माणसं येतात. नाशिकरोडच्या लोकांना त्या दोन दिवसांत रस्ता ओलांडायचा म्हटला तर मनाची तयारी करावी लागते. मेणबत्त्या, खेळणी, बांगड्या, वडापाव आणि हरवलेली पोरं. आमची ही दोन मिनिटं उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, “अगंबाई, ही तर आपली जत्राच!” रांगेतल्या बाईंशी तिची पाच मिनिटांत मैत्री झाली. नवस बोलतात का, कसा बोलतात, फेडायचा कसा, सगळी माहिती तिने काढली आणि मेणबत्ती लावून डोळे मिटून काहीतरी पुटपुटलीसुद्धा. मी तोवर सवयीने माझ्या चपला मेणबत्तीवाल्याच्या स्वाधीन केल्या होत्या. तो म्हणाला, “काका, इथे काढायलाच पाहिजेत असं काही नाही.” मी म्हटलं, “असू दे, मला सवय आहे.” परत आलो तेव्हा त्याने त्या मेणबत्त्यांच्या खोक्यावर मांडून ठेवल्या होत्या. एक गिऱ्हाईक भाव विचारत होतं.

बाहेर आल्यावर मी हिला विचारलं, “काय मागितलंस?”

“यांचं घोरणं थांबू दे म्हटलं.”

मार्चमध्ये मी शरणपूरला जायचं धाडस करीन असं मला वाटलं होतं, पण पाय वळले ते सार्वजनिक वाचनालयाकडे. १८४० सालापासून चालत आलेली ती संस्था. तिथे बसून माणूस कोणतंही काम विद्वत्तेच्या नावाखाली पुढे ढकलू शकतो. मी शरणपूरचा इतिहास वाचायला घेतला, आणि जो वाचला त्याने मलाच खाली बघायला लावलं.

शरणपूर रोडवरून आम्ही हजारदा गेलो असू, पण हे शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून विकायला नेलेली आफ्रिकन पोरं इंग्रजांच्या आरमाराने सोडवली की मुंबईला आणत, आणि त्यांतली बरीच आमच्या नाशकात येत. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली. गोदावरीचं पाणी प्यायलेली आफ्रिकेची मुलं! १८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा नाशकातल्या शाळेची नऊ मुलं बरोबर घेऊन गेले. पुढे याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट नावाचा एक तरुण त्यांना जाऊन मिळाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या एका खेड्यात वारले. तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरण्यात आलं. त्या वेळी प्रार्थना म्हटली ती जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग ते शव महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्याला आणलं गेलं, इंग्लंडला गेलं, आणि १८ एप्रिल १८७४ या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्यांमध्ये हा आमच्या नाशकात शिकलेला जेकब होता.

म्हणजे बघा. गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा नाशकात शिकतो आणि आपल्या माणसाबरोबर थेट वेस्टमिन्स्टर ॲबेत आत जातो. आणि त्याच नाशकात जन्मलेला, पेन्शन घेणारा मी आपल्या सरांबरोबर शरणपूरच्या पायरीवरून आत जाऊ शकत नाही. का, तर नाडीला गाठ बसली.

मे महिन्यात ऊन इतकं वाढलं की गावाबाहेर पडणं अशक्य झालं. म्हणून एका संध्याकाळी गोदाघाटावर गेलो, आणि नारोशंकराच्या घंटेखाली उभा राहिलो. ही घंटा आमची फार लाडकी. घरात कोणी मोठ्याने बोललं की आमची आजी म्हणायची, “आली नारोशंकराची घंटा!” गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं ते बघायचं, आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं की महापूर म्हणायचा, असं आमचं साधं सोपं पूरमापन आहे. ही घंटा वसईहून आणली, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण वसईला तरी ती कुठे होती, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वसईला घंटांचा कारखाना असावा, अशी माझी समजूत होती.

घंटा चर्चची. तिच्यावर १७२१ सालचा आकडा आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, आणि तिथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकराला एक आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे. त्या मेणवलीच्या घंटेवर तर बाळाला घेतलेल्या मरियेचं चित्र अजून स्पष्ट दिसतं. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली नाशकात रामेश्वराचं देऊळ बांधलं, त्यात आमची घंटा बसली. जन्म चर्चचा, संसार देवळात. आणि या दोन घरांत मिळून तीनशे वर्षं काढूनही बिचारीने एकदासुद्धा आपला आवाज बदललेला नाही.

त्या संध्याकाळी तिथून उठून मी वर काळारामाच्या दरवाजापर्यंत चालत गेलो. चपला कुठे ठेवायच्या ते इथे मला झोपेतही कळतं. पण ठेवल्या नाहीत, जरा वेळ बाहेरच थांबलो. याच दरवाजाबाहेर २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला. आत जाऊ द्या, एवढंच मागणं होतं. पाच वर्षं माणसं दाराबाहेर उभी राहिली, आणि दार उघडलं नाही. मला शरणपूरला कोणी अडवलं नव्हतं. उलट पन्नास वर्षं बोलावणं येत होतं. दार बंद असताना बाहेर उभं राहावं लागणं निराळं, आणि दार सताड उघडं असताना बाहेर उभं राहणं निराळं. त्या विचाराने मी निमूट घरी आलो आणि हिला म्हटलं, “वसईला जायचं.”

“घंटा परत करायला?” ती म्हणाली.

जुलैमध्ये निघालो. पहाटेच्या पंचवटीने दादर, मुलीकडे दोन दिवस मुक्काम. मुंबईतही सोडायचं नाही असं ठरवलं होतं. नोकरीच्या काळात ट्रेनिंगला म्हणून मी कितीतरी वेळा चर्चगेटला उतरलो असेन, पण हे गेट ज्या चर्चचं ते चर्च कुठे आहे, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. लाखो माणसं रोज तिथे उतरतात, त्यांतही कोणी विचारत असेल असं वाटत नाही. ते चर्च म्हणजे फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८ सालच्या नाताळात ते उघडलं. मुंबईच्या कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे जात, तो चर्चगेट. पुढे १८६० नंतरच्या काळात कोट पडला, दरवाजा गेला. नाव तेवढं लोकलच्या पाटीवर राहिलं. बाहेर मुंबईची हाणामारी आणि आत इतकी शांतता की आमच्या हिला बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागली. मी तिला उठवलं नाही. नवस माझ्या घोरण्याचा होता, तिच्या नाही.

कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ सालचं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. तिथल्या बाकांना बंदुका टेकवून ठेवायच्या खाचा आहेत. प्रार्थनेला येणारे शिपाई बंदूक जवळ ठेवून गुडघे टेकायचे. मला एकदम बरं वाटलं. देवाच्या दारात आल्यावर आपली वस्तू सुरक्षित राहील ना, ही काळजी आम्हा नाशिककरांनाच असते असं नाही. आम्हाला चपलांची, इंग्रजांना बंदुकांची.

तिसऱ्या दिवशी वसई. विरार लोकलमध्ये शिरणं आणि वसईला उतरणं हे दोन्ही पराक्रम करून आम्ही किल्ल्यात पोचलो तेव्हा पाऊस झिमझिमत होता. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षं इथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. आता चर्चांच्या नुसत्या भिंती उरल्यात. छप्पर नाही, कमानींवर झाडं उगवलीत, जमिनीवर शेवाळ. एक उंच मनोरा बघून मी मनाशी म्हटलं, आमची घंटा कदाचित इथलीच असेल. छत्री धरून खाली मान घालून उभा राहिलो. इथे चपला काढायचा प्रश्नच नव्हता. चिखलाने एक आपोआप काढून घेतली होती.

किल्ल्यातलं एक चर्च मात्र नांदतं आहे, गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं. हा वसईचा मुलगा. जपानात धर्मकार्याला गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. वसईहून निघून नागासाकी! मला नाशिकरोडहून वसईला यायला साठ वर्षं लागली.

आडोशाला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गावातलेच, केळीच्या बागेचे मालक. बोलता बोलता आम्ही कुठले ते निघालं. “नाशिकचे?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं. “म्हणजे आमची घंटा नेली ते तुम्हीच का?”

मी गडबडलो. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा मुद्देमाल माझ्याकडे सापडल्यासारखं झालं. हिने लगेच सांभाळून घेतलं. “आणणारच होतो हो, पण पिशवीत मावेना.”

म्हातारे खो खो हसले. “राहू द्या, राहू द्या. वाजते ना?”

“वाजते.”

“मग झालं. इथे असती तर पावसातच पडली असती.”

त्यांनी आम्हाला आग्रहाने घरी नेलं, चहा दिला, सुकेळी दिली. सुकेळी म्हणजे वसईची सुकवलेली केळी. ती तोंडात टाकली की माणूस पंधरा मिनिटं वाद घालू शकत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मुक्काम ठेवून घेतला आणि पहाटे मिस्साला घेऊन गेले. लाल लुगड्यातल्या बायका, अबोलीचे गजरे, आणि सगळी मिस्सा स्वच्छ मराठीतून. पूर्वी ही लॅटिनमध्ये व्हायची, १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेत आली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. त्या वेळी पेपरात ते वाचून मी ‘वा!’ म्हणालो होतो. २०२४ साली ते गेले तेव्हा ‘अरेरे’ म्हणालो होतो. मधल्या काळात वसईला यावं, असं काही सुचलं नव्हतं. माझं हे असंच. लोकांना जिवंतपणी शाबासकी लांबून, आणि नमस्कार फाटकाबाहेरून.

दिवाळीआधी नगरला गेलो. गावाचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ साली काम सुरू केलं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते तिथेच, मिस फरार यांच्याकडे. आणि रेव्हरंड टिळक, म्हणजे आमच्या लक्ष्मीबाईंचे यजमान, यांचंही बरंच आयुष्य तिथे गेलं. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांच्या घरी सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुऊन धुऊन घायकुतीला यायची. त्या घरातल्या मुलीने काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली, रडली, भांडली, विचार केला, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी तो उंबरा ओलांडला. १९३६ साली त्या वारल्या, त्या आमच्या नाशकातच. हे सगळं सरांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं. आम्ही तेव्हा बाकाखाली चिंचा खात होतो.

नगरच्या एका जुन्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बसलो. पेटी वाजायला लागली, तबला लागला, आणि टिळकांचं भजन सुरू झालं. चाल थेट आपल्या अभंगाची. आमची ही गेली बावीस वर्षं आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळात आहे. तिला शब्द येत नव्हते, पण हात राहवेनात. शेजारच्या बाईंनी काही न बोलता टाळांची एक जोडी तिच्या हातात दिली. पुढची तीनही भजनं हिने ठणठणीत टाळ धरला. मी बाजूला बसून बघत होतो. मी वर्षभर पुस्तकं वाचून, सनावळ्या पाठ करून जिथे पोचत होतो, तिथे ही एका टाळात जाऊन बसली होती. तिच्या चपला कुठे होत्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि मग नाताळ आला.

यंदा सरांचा फोन यायचा नव्हता. मी महिनाभर आधी बिननाडीचे बूट घेऊन ठेवले होते. सकाळी आंघोळ करून, कोट घालून आम्ही दोघं शरणपूरला गेलो. फाटकाशी सरांचा मुलगा उभा होता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, आणि फक्त “या काका,” म्हणाला. मी बूट घालून, ताठ मानेने, पायरी चढून आत गेलो. पायरी चांगली बेताची आहे. पन्नास वर्षं मी ती हिमालयाएवढी करून ठेवली होती.

आत कागदी चांदण्या होत्या, गव्हाणीत बाळ होतं, मुलांची कुजबुज चालली होती. शेवटून दुसऱ्या बाकावर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. उपासना सुरू झाली. पाच मिनिटं मी नीट बसलो, पण मन काही लागेना. पायांत बूट आहेत ही गोष्ट डोक्यातून जाईना. शेवटी हळूच, कोणाला कळणार नाही अशा बेताने, मी बाकाखाली पाय बुटांतून सोडवले. गार फरशी तळव्यांना लागली, आणि एकदम देवळात आल्यासारखं वाटलं.

काकूंनी खाली बघितलं. मी ओशाळलो.

“असू दे रे,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “तेही असेच बसायचे. आयुष्यभर. बाकाखाली चपला काढून. मी बोलायचे, अहो, लोक काय म्हणतील? तर म्हणायचे, नाशिकचा माणूस आहे मी, पायांत चपला असल्या की माझं लक्ष लागत नाही.”

त्यानंतरचं गीत मला दिसलं नाही. पुस्तक समोर उघडं होतं, पण अक्षरं जरा पाण्यात गेल्यासारखी झाली होती. बाजूला आमची ही टाळांशिवाय नुसत्या हाताने ताल धरत होती.

उपासना संपल्यावर उठलो तर बाकाखाली एकच बूट. माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, इथेही? पण पुढच्या बाकाखालून एक चार-पाच वर्षांचा मुलगा दुसऱ्या बुटाची मोटार करून तोंडाने आवाज काढत येत होता. काकूंनी त्याला दम दिला, मोटार माझ्या पायाशी येऊन थांबली. मग आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. करंज्या होत्या, शंकरपाळी होती, केकचे जाड तुकडे होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मी तो फराळ क्रमाने खाल्ला. आधी उपासना, मग करंजी. फरक पडतो.

घरी येताना हिला म्हटलं, “तुझ्या त्या नवसाचं काय झालं? माझं घोरणं?”

“चालू आहे,” ती म्हणाली. “बाळ लहान आहे अजून. इतकं मोठं काम त्याच्याच्याने होईल कसं?”

दाराशी बूट काढताना मी ते दोन्ही नीट न्याहाळले. साठ वर्षांच्या अनुभवात देवाच्या दारी माझी पादत्राणं नजरेआड झाली आणि जोडीने घरी परत आली, असा हा पहिलाच जोड.